कुंदाताईंचा गोळ्यांचा गाडा

"थांबा! फादर, हात खाली! आणि मेरी, तू तोंड बंद कर!"

रविवारची सकाळ होती. जेवणघरात प्रार्थना आटोपली होती आणि तरुण, नवखे फादर हातात चांदीची वाटी घेऊन एकेका म्हाताऱ्याच्या जिभेवर प्रसादाची पांढरी चकती ठेवत पुढे सरकत होते. पस्तीस म्हातारी माणसं माना वर करून, जिभा बाहेर काढून बसलेली. आणि दारातून ही आरोळी. फादरांचा हात हवेतच राहिला. तो आवाज असा होता, की कॅनॉलच्या पलीकडच्या कुरणातल्या गाई चरायच्या थांबल्या आणि त्या दिवशी त्यांनी दूध दिलं नाही म्हणतात. मी गाईंना विचारलं नाही, पण दूधवाल्याचं तोंड उतरलेलं मी पाहिलंय.

"सिस्टर, ही गोळी नाही," फादर चाचरत म्हणाले, "हा प्रभूचा प्रसाद आहे."

"प्रसादाला माझा नमस्कार," कुंदाताईंनी खरंच हात जोडले. "पण त्यात गहू आहे का?"

"आहे."

"मग या मेरीला चालत नाही. गहू पोटात गेला की आठवडाभर अंथरुणात. तिची बिनगव्हाची चकती निळ्या झाकणाच्या डबीत आहे. ती तुम्ही मघाशी दिलीत कोणाला?"

फादरांनी मागे वळून पाहिलं. निळ्या डबीतली चकती दुसरीच मेरी शांतपणे चघळत होती. फादरांनी जाताना 'मेरी' अशी हाक मारली होती आणि ती 'हो' म्हणाली होती. त्या दिवसानंतर फादर प्रसाद देण्याआधी प्रत्येकाला नाव आणि जन्मतारीख विचारू लागले. पुढे गावातल्या चर्चमध्येही त्यांना तीच सवय जडली आणि नाताळच्या दिवशी रांग मेनूथ स्टेशनपर्यंत गेली, असं मी सगळ्यांना सांगतो. कोणी अजून खोडून काढलेलं नाही.

ही आमची कुंदाताई. मूळ गाव मिरज. आयर्लंडातल्या मेनूथपासून चार मैलांवर, कॅनॉलच्या काठी, एका नर्सिंग होमची सीनियर सिस्टर. इथलं नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं नव्हे. मी नागपूरहून इथे नर्सच्या नोकरीला निघालो तेव्हा माझ्या मावशीने झबली-टोपरी शिवून दिली होती, तुझ्या हातून जन्मणाऱ्या बाळांना म्हणून. इथे आल्यावर कळलं की आमच्या सगळ्यांत लहान बाळाचं वय एकोणऐंशी आहे. इथे माणसं म्हातारपणी राहायला येतात, आणि येताना बरोबर दोन गोष्टी आणतात: घरचे फोटो आणि गोळ्या. फोटो भिंतीवर लागतात. गोळ्या कुंदाताईंच्या गाड्यावर.

तो गाडा म्हणजे चाकांवरचं कुलूपबंद कपाट. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, असा दिवसातून चार वेळा तो फिरायचा. त्यामागे कुंदाताई: पाच फूट उंची, अंबाडा, नाकात चमकी, आणि अंगात लाल एप्रन. एप्रनवर पुढे-मागे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, औषधं देत आहे, कृपया बोलू नका. हा एप्रन सगळ्या नर्सिंग होम्समध्ये असतो. बाकीच्या ठिकाणी तो घालतात. आमच्याकडे तो पाळला जायचा. एप्रन चढला की औषध घेणाऱ्याखेरीज कुंदाताई कोणाशी बोलत नसत. एकदा मालक डेक्लन धावत आला आणि म्हणाला, छपरातून पाणी गळतंय, तुमच्या डोक्यावर. ताईंनी छत्री उघडली आणि पुढच्या मेरीकडे गेल्या.

आणि गाईची गोष्ट तर मी स्वतः पाहिली आहे. शेजारच्या कुरणातली एक गाय मागच्या दाराने सरळ जेवणघरात शिरली. म्हातारे टाळ्या वाजवू लागले, केरळच्या सिस्टर टेबलांवर चढल्या, आणि गाय गाड्यासमोर येऊन उभी राहिली. ताई चमच्यात औषध मोजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त डाव्या हाताने एप्रनवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. गाईने वाचलं आणि ती गेली. आता कोणी म्हणेल की दार उघडंच होतं म्हणून गेली. म्हणू द्या.

मी लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी ताईंनी माझ्या नाकासमोर पंजा धरला होता.

"ए नागपूर, हिकडं बघ. कोणाला? काय? किती? कुठनं? कधी?" एकेका प्रश्नाला एकेक बोट मिटत त्या म्हणाल्या. "पाची बोटं मिटली की मूठ झाली. मूठ झाल्याबिगर गोळी द्यायची नाही. कळलं?"

"कुठनं म्हणजे?"

"तोंडातनं, का डोळ्यात, का कानात. मागल्या वर्षी एकीनं कानाचे थेंब डोळ्यात घातले. म्हातारा म्हणाला, आता मला बातम्या स्पष्ट दिसतात. तो भला माणूस होता. सगळे भले नसतात."

माझं नाव मकरंद. ताईंनी ते पहिल्या तीन वर्षांत दोनदा घेतलं. एरवी मी 'नागपूर'.

त्यांचा सगळ्यात कडक नियम हा, की नाव विचारायचं, सांगायचं नाही. म्हणजे 'तुम्ही मेरी का?' असं विचारायचंच नाही. 'तुमचं नाव काय?' असं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत उभं राहायचं, मग भले जेवणाची वेळ टळो. "ही माणसं लई गोड, रे," त्या म्हणायच्या. "समोरच्याला 'नाही' म्हणणं त्यांना जमतच नाही. पोरगी एवढं प्रेमानं विचारतेय, तर कशाला तिचं मन मोडा? 'हो' म्हणून टाकतात."

मला हे अतिशयोक्त वाटलं होतं. अतिशयोक्ती हे माझं खातं, त्यांचं नव्हे. पण दुसऱ्याच आठवड्यात मी घाईत कागदावरचं नाव वाचत खोलीत शिरलो आणि विचारलं, "तुम्ही मेरी का?" खुर्चीतून उत्तर आलं, "आहे हो, बाळा, तुझं काम होत असेल तर." मी मान वर केली. सहा फूट दोन इंचांचे, पांढऱ्या मिशांचे, चाळीस वर्षं गुरं पाळलेले शेमस आजोबा माझ्याकडे पाहून हसत होते आणि पाण्याचा ग्लास तयार ठेवून होते.

आमच्याकडे एकूण पाच मेऱ्या होत्या. खिडकीवाली मेरी, काठीवाली मेरी, गाणारी मेरी, गहू न चालणारी मेरी, आणि एक नुसतीच मेरी, जिला काही विशेषण चिकटत नव्हतं. या पाचव्या मेरीला मात्र ताई सगळ्यांत जास्त घाबरायच्या. ती गोळी घ्यायची, पाणी प्यायची, आभार मानायची, 'ग्रँड', म्हणजे एकदम छान, म्हणायची, आणि ताईंची पाठ वळली की गोळी गालातून काढून खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत खोचायची. हे चार महिने चाललं. ते झाड छतापर्यंत गेलं. रक्तदाबाच्या इतक्या गोळ्या पचवलेलं झाड युरोपात दुसरं नसेल. वादळात बाहेरची सगळी झाडं थरथरली, हे मात्र अगदी शांत. शेवटी झाडाच्या तब्येतीवरूनच ताईंना संशय आला. तेव्हापासून गोळी दिल्यावर त्या समोर बसून गप्पा मारायच्या. तोंडात गोळी धरून आयरिश माणूस गप्पा मारू शकत नाही, हा त्यांचा शोध.

पण नुसत्या कडक असत्या तर मी त्यांच्यावर एवढी पानं खर्च केली नसती. तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून चूक झाली. शेमस आजोबांची संध्याकाळची गोळी मी सकाळीच दिली. काही झालं नाही, आजोबा दुपारभर जरा जास्त झोपले एवढंच. पण मी नवीन, माझा व्हिसा या नोकरीवर. मी गप्प बसलो. संध्याकाळी ताईंनी गाडा उघडला, रिकामा कप्पा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन कप चहा करून आणला. चहाबरोबर चूक नोंदवायचा एक कोरा फॉर्म.

"लिही."

"ताई, माझी नोकरी..."

"लिहिलंस की ती चूक घराची होते. सगळी मिळून निस्तरतो. झाकलीस की तुझ्या एकट्याची. ऱ्हाशील का रात्रभर तिच्यासंगट?"

मी लिहिलं. कोणी ओरडलं नाही. आठवड्याभरात गाड्यात सकाळच्या कप्प्यांना पिवळी आणि संध्याकाळच्यांना निळी पट्टी लागली, आणि डेक्लनने मला विचारलं, पट्टीचा रंग आवडला का. बस, एवढीच शिक्षा. त्यानंतर मी फॉर्मांचा असा सपाटा लावला की एकदा चहात साखर जास्त पडली तीही मी लिहून दिली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जिच्यात माझी आई आहे. आई आहे म्हणजे भानगड आहेच.

त्या वर्षी आमच्या डायरेक्टर बाई निवृत्त होणार होत्या. ती जागा म्हणजे सगळ्या घराची जबाबदारी, वरच्या मजल्यावरचं ऑफिस, आणि दारावर नावाची पाटी. ताईंनी बावीस वर्षं गाडा ढकलला होता. दोनदा ही जागा निघाली होती आणि दोनदा बाहेरचं माणूस आलं होतं. या खेपेला तीन उमेदवार: एक डब्लिनच्या बाई, एक गॉलवेचे गृहस्थ, आणि कुंदाताई. ताईंची मुलाखत बुधवारी सकाळी दहाला. ताईंनी कधी बोलून दाखवलं नाही, पण आठ दिवस आधी ब्लँचर्डस्टाउनच्या मॉलमधून निळा कोट आणून तो स्टाफरूमच्या कपाटात टांगून ठेवला होता, आणि येता-जाता कपाटाचं दार उघडून त्याच्याकडे बघायच्या.

माझी आई तेव्हा नागपूरहून सहा आठवड्यांसाठी आली होती. मंगळवारी दुपारी ती माझ्याबरोबर नर्सिंग होमला आली. हातात चिवड्याचा डबा. "तुह्या कुंदाताईले एकदा पाहाचं आहे मले," असा तिचा हट्ट. दुपारचा गाडा फिरून झाला होता, ताईंनी एप्रन काढला होता, आणि आम्ही तिघं स्टाफरूममध्ये चहा घेत बसलो. ताईंनी छातीवर हात चोळला.

"काय होते वं बाई?" आईने विचारलं.

"जळजळतंय, काकू. उद्याची काळजी. दुसरं काय."

आईने पर्समधून सुपारीची डबी काढली, एक गुलाबी गोळी उचलली आणि ताईंपुढे धरली. "घे. मी रोज घेते. अर्ध्या तासात बरं वाटते."

आणि वाचकहो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जिने फादरांचा हात हवेत थांबवला, जिने गाय परत पाठवली, त्या बाईचा उजवा हात आपोआप पुढे आला. उजव्याच्या खाली डावा लागला. तीर्थ घेतात तशी ओंजळ झाली. आईने गोळी ठेवली, ताईंनी ती किंचित कपाळाकडे नेली, तोंडात टाकली आणि चहाचा घोट घेतला. कोणाला नाही, काय नाही, किती नाही. गावाकडचं वडील माणूस प्रेमाने हातावर काही ठेवतंय, तर त्याला नाव विचारायचं? बावीस वर्षं परदेशात राहून ताईंच्या डोक्यात सगळं बसलं होतं, पण हात मिरजेचेच राहिले होते.

घोट खाली उतरला आणि ताईंचा चेहरा बदलला. कप खाली ठेवून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, ही कुठली गोळी होती?"

"पित्ताची."

"नाव?"

"गुलाबी."

"तो रंग झाला. नाव काय?"

"आम्ही तिले गुलाबीच म्हणतो."

ताईंनी डबी मागून घेतली आणि टेबलावर उपडी केली. आतून निघालं ते असं: सहा गुलाबी गोळ्या, तीन पांढऱ्या, एक अर्धी पिवळी, दोन लवंगा, आणि अंगाऱ्याची पुडी. एकाही गोळीला पाकीट नाही, नाव नाही.

"आई! पाकिटं कुठे आहेत?" मी किंचाळलो.

"काढून टाकली. विमानात वजन मोजतात ना रे. त्या पाकिटांच्या वजनात तुह्यासाठी पाव किलो लोणचं बसलं."

मी बाबांना नागपूरला फोन लावला. बाबांनी चष्मा शोधला. चष्मा शोधायला दुसरा चष्मा शोधला. मग घरातली शिल्लक पाकिटं काढून म्हणाले, "हे पाहा, गुलाबी दोन प्रकारच्या आहेत. चपटी पित्ताची. फुगीर तुझ्या आईची मधुमेहाची."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि जीभ टाळूला लावून त्या काहीतरी आठवत होत्या.

"फुगीर," त्या म्हणाल्या.

आता हसण्याची गोष्ट इथे थोडी थांबते. मधुमेह नसलेल्या माणसाने साखर उतरवणारी गोळी घेतली की रक्तातली साखर खाली खाली जाते आणि माणूस बसल्या जागी कोसळू शकतो. ताईंना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्या उठल्या. खिशातली गाड्याची किल्ली काढून त्यांनी केरळच्या बिंदू सिस्टरच्या हातात दिली. दोघींनी कुलपातली औषधं मोजली, सह्या केल्या. मग त्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलल्या, एखाद्या तिऱ्हाईत पेशंटबद्दल बोलावं तशा: बाई, वय अठ्ठावन्न, दोन वाजून दहा मिनिटांनी, एक गोळी, तोंडातून. नंतर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हां. आता मी पेशंट. करा काय करायचं ते."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर पंधरा मिनिटांनी साखर तपासा, गोड खायला द्या, मी निघालोच आहे. बातमी जेवणघरात पोहोचायला एक मिनिट लागलं. कुंदाने चुकीची गोळी खाल्ली! बावीस वर्षांत असा आनंदाचा दिवस उगवला नव्हता. पाची मेऱ्या आपापल्या काठ्या, चाकं, बिस्किटं आणि जॅमच्या बरण्या घेऊन स्टाफरूमच्या दारात हजर. काठीवाली मेरी पुढे झाली, जॅमचा चमचा ताईंच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "तू कुंदा का, गं?"

"असं नाही विचारायचं!" ताई कपाळावरचा घाम पुसत ओरडल्या. "नाव विचार! उत्तराची वाट बघ!"

"नाव काय तुझं?"

"कुंदा."

"जन्मतारीख?"

ताईंनी सांगितली. मेरीने ती मागच्या मेरीला सांगितली, तिने तिच्या मागचीला. खात्री पटल्यावर चमचा तोंडात गेला. मग पाचवी, नुसतीच मेरी, समोर खुर्ची ओढून बसली आणि जॅम खरंच गिळला का हे पाहायला गप्पा मारू लागली.

इथल्या मापात साखर चारच्या, म्हणजे आपल्याकडच्या बहात्तरच्या, खाली जाऊ द्यायची नसते. ताईंची चार पूर्णांक सहा होती, मग चार पूर्णांक एक, मग जॅम खाऊनही तीन पूर्णांक सात. त्यांची बोटं थरथरायला लागली. आई कोपऱ्यात बसून दोन्ही हात तोंडावर धरून रडत होती. डॉक्टर आले आणि म्हणाले, या गोळीचा असर रात्रभर राहतो, हॉस्पिटलात न्यावं लागेल. उद्या सकाळी सोडतील, बहुधा.

ॲम्ब्युलन्स यायला वीस मिनिटं होती. ताईंनी मला जवळ बोलावलं.

"नागपूर, फॉर्म आण."

"कसला फॉर्म, ताई?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"चुकांचा. लिही. ड्यूटीवरच्या सिस्टरनं, नाव न विचारता, बिनलेबलाची गोळी घेतली. देणारी व्यक्ती, तुझी आई."

मी दार लोटून घेतलं. "ताई, ऐका माझं. उद्या दहाला मुलाखत. हा कागद आज डेक्लनच्या टेबलावर गेला तर उद्या सगळ्यांसमोर तोच असणार. जेवायचं राहिलं म्हणून चक्कर आली, एवढंच म्हणू. बिंदू काही बोलणार नाही. मेऱ्या उद्यापर्यंत विसरतील. म्हाताऱ्यांपैकी कोणाला काहीही झालेलं नाही. तुमची बावीस वर्षं आहेत त्यात."

"तीन वर्षं तुझ्याकडनं बारीकसारीक सगळं लिहून घेतलं. माझी पाळी आली की पेन वाळलं व्हय रं?"

"पण ताई..."

"अरे, त्या डबीतली गोळी आज माझ्या पोटात गेली. उद्या कोणाची तरी मुलगी अशीच पर्समधनं काढून आईच्या हातावर ठेवील. प्रेमानंच ठेवील. भेटायला येणाऱ्यांच्या पर्सकडे आपण कधी बघितलंय का? मी तर नाही बघितलं. लिही, मकरंद."

ही नाव घेतल्याची दुसरी वेळ. पहिली वेळ बँकेच्या कामाची होती, ती धरू नका.

मी लिहायला बसलो. माझ्या गुरूच्या विरुद्ध, माझ्या जन्मदात्रीला आरोपी करून, परदेशी सरकारी छापाच्या कागदावर. तीन पानं झाली. 'घटनेचं कारण' या रकान्यात काय लिहावं हे मला सुचेना. ताई स्ट्रेचरवर आडव्या झाल्या होत्या, तिथून म्हणाल्या, "लिही, लोणचं."

मी लिहिलं.

ॲम्ब्युलन्सबरोबर निळा कोटही जावा म्हणून मी कपाटाकडे पळालो, पण परत येईपर्यंत गाडी गेटाबाहेर पडली होती.

बुधवारी सकाळी पावणेनऊपासून आई आणि मी वरच्या मजल्याच्या जिन्यात उभे होतो. आईला रात्रभर झोप नव्हती. तिने सगळ्या गोळ्या कागदांत वेगवेगळ्या बांधून त्यावर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली होती, लवंगांवरसुद्धा. डब्लिनच्या बाई मुलाखत देऊन बाहेर आल्या: टापटीप, सुवासिक, प्रसन्न. गॉलवेचे गृहस्थ आले: चकचकीत बूट, ओठांवर शीळ. दहाला दोन मिनिटं असताना खाली टॅक्सी थांबली आणि त्यातून कुंदाताई उतरल्या. कालचेच कपडे, अंबाडा कलंडलेला, मनगटावर हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा. मी कोट पुढे केला. त्यांनी तो कालच्या कपड्यांवर चढवला. पट्टा बाहीतून बाहेरच राहिला.

आई पुढे झाली. "बाई, माह्याच्यानं झालं हे."

"काकू, तुम्ही दिली. गिळली मी," ताई म्हणाल्या, वाकून आईच्या पाया पडल्या आणि आत गेल्या.

दार बंद होताना मला टेबलावर माझे तीन कागद दिसले. डेक्लनच्या पुढ्यात, सगळ्यांत वर.

चाळीस मिनिटं गेली. मी तुम्हाला सांगतो, त्या चाळीस मिनिटांत मी दहा वर्षांनी म्हातारा झालो. तिथे राहायला जागा मिळण्याइतका. आतून एकदाही हसण्याचा आवाज आला नाही. ताई बाहेर आल्या, कोणाकडेही न बघता खाली गेल्या, एप्रन घालायला लागल्या, आणि बिंदूने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. आज गाडा नाही, डॉक्टरांची ताकीद आहे.

दुपारी चारला डेक्लनने सगळ्यांना जेवणघरात बोलावलं आणि चारच शब्दांत सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून डायरेक्टर कुंदा. मेऱ्यांनी टेबलं बडवली. शेमस आजोबा वर्षभरात पहिल्यांदा उभे राहिले. आईने सगळ्यांना चिवडा वाटायला घेतला आणि ताईंनी खुर्चीतून आवाज दिला, "दाणे कोणाकोणाला चालत नाहीत ते आधी विचारा, काकू!" पुढे सहा वर्षं त्यांनी ते ऑफिस चालवलं, भेटायला येणाऱ्यांसाठी दारात एक टोपली ठेवली, आणलेली औषधं आधी इथे दाखवा म्हणून. आता निवृत्त होऊन त्या मिरजेला असतात. तिथल्या केमिस्टचं काय चाललं असेल, देवाला ठाऊक.

पण त्या दुपारी मला राहवलं नाही. गर्दी पांगल्यावर मी डेक्लनला जिन्यात गाठलं. विचारलं, "तुम्ही माझा रिपोर्ट वाचला नाही का?"

"वाचला. तीनही पानं."

"मग तरीही कुंदाताई कशा?"

डेक्लनने चिवड्यातला शेंगदाणा तोंडात टाकला.

"बाकीचे दोघं म्हणाले, त्यांच्या हातून कधी चूक झालीच नाही."